तालुक्याच्या गावात लिनक्सचं शिबिर घ्यायचंय? सुरुवात विंडोजवरच करा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतल्या लोकांचे फोन चालूच आहेत, कॉम्प्युटर मस्त चालतोय पण विंडोज ११ होत नाही म्हणतो, आता काय भंगारात देऊ का? बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचा आहे नाहीतर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. मशीन धडधाकट असतं. नाव नोंदवलं तर घरगुती कॉम्प्युटरला सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण ती नुसती मुदतवाढ झाली. खरा उपाय म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम.

याच निमित्ताने केडीई या लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रोजेक्टच्या मंडळींनी बाकीच्या ओपन सोर्स (कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रोजेक्टना सोबत घेऊन 'एन्ड ऑफ १०' नावाची मोहीम काढली, म्हणजे जुन्या पीसीवर लिनक्स टाकून द्यायला गावोगावचे स्वयंसेवक आणि दुकानं लोकांना सापडावीत. केडीईची घोषणासुद्धा माथियास एट्रिखने १४ ऑक्टोबरलाच केली होती, १९९६ साली, म्हणून ही तारीख मला फार आवडते. असं शिबिर तुमच्या गावात घ्यायचं असेल तर आम्ही काय शिकलो ते सांगतो.

पहिल्या शिबिरात आम्ही आलेल्या प्रत्येक मशीनवर त्याच दिवशी लिनक्स टाकलं आणि निम्म्याहून जास्त लोक महिनाभरात परत विंडोजवर गेले. लिनक्स बंद पडलं म्हणून नाही. डेस्कटॉप बदलला, वर्ड गेलं, ब्राउझर बदलला, मराठी टायपिंगची पद्धत बदलली, आणि हे सगळं एका दुपारी. साठीतल्या काकांनी किती गोष्टी नव्याने शिकायच्या? तेव्हापासून आमचं पक्कं ठरलंय की ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यात शेवटी बदलायची.

म्हणून शिबिराच्या महिनाभर आधी एक छोटी बैठक घ्या आणि लोकांच्या विंडोजवरच लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स ब्राउझर आणि व्हिडिओ बघायला व्हीएलसी टाकून द्या. तिन्ही लिनक्सवर जशीच्या तशी मिळतात, त्यामुळे पुढे लिनक्स आलं तरी हाताखालचं काम ओळखीचंच राहतं. लिबरऑफिस नुसतं टाकून सोडू नका, तिथेच बसून सेटिंग करा. टूल्समधे ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेसच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सेटिंग) चालू करून भाषा मराठी निवडा, कारण ती बऱ्याचदा हिंदीवर असते, आणि त्याचा फॉन्ट मुक्ता किंवा नोटो देवनागरी असा ठरवून द्या. हे नाही केलं तर माणूस वरच्या खिडकीत फॉन्ट बदलत बसतो आणि मराठी अक्षरं काही बदलत नाहीत, मग म्हणतो की यात मराठी चालत नाही. ज्यांना फाइली बाहेर पाठवायच्या असतात त्यांच्यासाठी नेहमीचं सेव्ह डॉक्सएक्समधे, म्हणजे वर्डच्या फाइल प्रकारात ठेवा, आणि व्ह्यूमधे जाऊन यूजर इंटरफेस टॅब्ड करा म्हणजे बटणं साधारण वर्डसारखी दिसतात.

आता जुन्या फाइलींचं, आणि आपल्याकडे हाच सगळ्यात मोठा अडसर आहे. पतसंस्था, शाळा, छापखाना, सगळीकडे वर्षानुवर्षांची पत्रं श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधे पडलेली असतात. त्या फाइलींत खरं तर मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणारा फॉन्ट असतो. तो फॉन्ट लिनक्समधे टाकला तर जुनी फाइल दिसते आणि प्रिंटही निघते, पण शोधायला किंवा व्हॉट्सॅपवर टाकायला गेलं की नुसती इंग्रजी अक्षरं येतात. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी खरी मराठी अक्षरं) करता येतं पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. तेव्हा सगळं कपाट बदलायला घेऊ नका, दर वर्षी लागणारे दहा-वीस नमुने, म्हणजे बोनाफाइड, सभेची नोटीस, येणे-बाकीचं पत्र, एवढेच युनिकोडमधे करून द्या. आमच्या अनुभवात शाळेचे क्लार्क याच कामाने आपल्या बाजूला आले. लिनक्स काय असतं ते त्यांनी नंतर विचारलं.

टायपिंगची पद्धत प्रत्येकाला आधीच विचारा. इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्ड वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे, इंग्रजी अक्षरांत टाइप करणाऱ्यांना आयबसमधे (लिनक्सवरचं भाषा टायपिंगचं साधन) फोनेटिक द्या, आणि ज्यांचा हात जुन्या टाइपरायटरवर बसलाय त्यांचा लेआउट आपल्या मशीनवर आधी चालवून बघा, मगच शब्द द्या. टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना मात्र परीक्षेत असेल त्याच सेटअपवर सराव करू द्या.

नाही म्हणायचीही तयारी ठेवा. टॅलीवर हिशोब ठेवणारं दुकान, अंगठ्याची मशीन लावून काम करणारं सेवा केंद्र, डिजिटल सहीचं टोकन रोज वापरणारा सीए, यांच्या कामाच्या मशीनला मी हात लावत नाही. त्यांचं एक दिवसाचं काम अडलं तरी ते गावभर होतं आणि नुकसान त्यांचं होतं. त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर खुशाल करा.

शिबिराच्या दिवसासाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे नवीन एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. साधी २४० किंवा २५६ जीबीची आणायला सांगा, लिनक्स त्यावर टाका आणि विंडोजची जुनी डिस्क काढून, पाकिटात घालून, वर नाव लिहून मालकाच्या हातात द्या. डेटा जाण्याची भीतीच राहत नाही आणि जुनं मशीन एसएसडीने जेवढं पळायला लागतं तेवढं दुसऱ्या कशाने पळत नाही. एसएसडी जमत नसेल तर बॅकअपशिवाय पुढे जायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं असेल तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) आहे का बघून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

बाकी सामानात व्हेंटॉय टाकलेले तीन-चार पेनड्राइव्ह घ्या, त्यामुळे एकाच पेनड्राइव्हवर बऱ्याच आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइली मावतात आणि हवी ती चालू करता येते. लिनक्सचे बरेच प्रकार असतात, त्यातलं आम्ही लिनक्स मिंट देतो, रॅम ४ जीबी असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मशीन जरा ताकदीचं असेल तर केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप असलेलं काहीतरी. पण एका गावात एकच प्रकार ठेवा म्हणजे लोक एकमेकांना विचारू शकतात. इन्स्टॉल करायच्या आधी लाइव्हवर, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून, वायफाय, आवाज, कॅमेरा आणि टचपॅड मालकाच्याच हाताने तपासून घ्या. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा म्हणजे फोनचं नेट मिळतं, ड्रायव्हर त्याच नेटवर उतरवता येतो. प्रिंटर शिबिराला आणायलाच सांगा! बरेचसे चालतात, पण एक जुना लेझर प्रिंटर आमच्याकडच्या कितीतरी झेरॉक्स दुकानांत आहे, त्याच्या मागे आमची अख्खी दुपार गेली.

आणि लाईट. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, पार्टिशन (डिस्कची वाटणी) चालू असताना लाईट गेली तर सगळा घोळ होतो. इन्व्हर्टर असलेली जागा बघा, वाचनालय नाहीतर शाळेची लॅब, आणि महावितरणच्या देखभालीचा वार टाळा. तारीख सुचत नसेल तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार घ्या, त्या दिवशी जगभर सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस साजरा करतात.

भाषण नको. फार तर पाच मिनिटं, त्यात एवढं सांगा की केरळात सरकारी शाळांच्या कॉम्प्युटर लॅब लिनक्सवर चालतात आणि मुलं त्यावरच शिकतात, म्हणजे हे काही फक्त इंजिनियर लोकांचं नाही.

घरी पाठवताना टाइमशिफ्ट (काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीला नेणारं साधन) चालू करून द्या आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात चार गोष्टी लिहून द्या: मराठी-इंग्रजी बदलायची की, अपडेट कुठून करायचं, पासवर्ड कुठे लागतो, अडलं तर कोणाला फोन करायचा. फोनसाठी दोन जणांचे नंबर ठेवा, एकाच माणसावर सगळा भार पडला की तो दोन महिन्यांत कंटाळतो. शिबिरानंतरच्या दुसऱ्या आणि पाचव्या रविवारी त्याच जागी दोन तास बसा, जाहिरात न करता, फक्त आलेल्यांना निरोप देऊन. पहिल्यांदा लोक प्रिंटर आणि फॉन्ट घेऊन येतात, पाचव्या रविवारी कोणीतरी शेजाऱ्याचा लॅपटॉप घेऊन येतो. तो लॅपटॉप उघडायला त्यालाच बसवा, तुम्ही बाजूला खुर्ची घेऊन बसा.