डर्ट बाइकचा सायलेन्सर बदलताय? या चुका टाळा

दुकानात बहुतेक जण जागेवर गाडी रेस करतात, आवाज ऐकतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. पण जागेवर इंजिनाला ओझंच नसतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीकडच्या पठारावर जांभ्याचे टप्पे चढताना गाडी कशी ओढेल, ते त्या आवाजातून कळत नाही.

हिरोच्या एक्सपल्स 200 4व्हीचंच घ्या. तिचा कमाल टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, 6500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) मिळतो. दगडांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालवताना इंजिन त्याच्या बरंच खाली फिरत असतं. मोठ्या व्यासाचा बेंड पाइप (इंजिनातून निघणारी वाकडी नळी) लावला की वायूचा वेग मंदावतो आणि नेमकी खालचीच ओढ जाते. मग प्रत्येक चढाला अर्धा क्लच, आणि थोड्याच दिवसांत क्लचप्लेटा. घाटवाटांसाठी मूळ बेंड ठेवून नुसती पुंगळी (मागचा डबा) बदललेली बरी. फार फरक पडत नाही, हे खरंय. पण वजन उतरतं आणि ओढ टिकते.

टू-स्ट्रोकचा हिशेब वेगळा. तिथे पाइपच्या फुगीर पोटाचा आकार हेच ट्यूनिंग, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा पाइप वेल्डिंग करून बसवू नका.

आता सगळ्यात जास्त तक्रार येते ती फटाक्यांची. ॲक्सिलरेटर सोडला की फट्-फट्. लगेच मॅपिंगला, म्हणजे पेट्रोल सोडण्याच्या सेटिंगला, दोष दिला जातो. आधी सांधे बघा. बेंड आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधलं रिंग गॅस्केट एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही, तरी जुनंच घातलं जातं. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घसरतं. थंड इंजिन चालू करून सांध्यावर साबणाचं पाणी टाका: बुडबुडे आले की गळती सापडली. सांध्याभोवती काजळीची रेघ हीसुद्धा तीच खूण.

बसवताना क्रम चुकवू नका. नवं गॅस्केट, मग बेंडचे नट हातानेच, मग पुंगळी आणि ब्रॅकेट, सगळं सैल. पाइप कुठेही ताणलेला नाही असं दिसल्यावर आधी हेडचे नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, शेवटी ब्रॅकेट. ब्रॅकेट आधी आवळलं तर पाइप ताणात राहतो आणि वेल्डिंगपाशी चीर जाते. ब्रॅकेटमधला रबर बुश गाळला तरी तेच. नट ज्यांवर बसतात ते स्टड ॲल्युमिनियमच्या हेडात असतात, तेव्हा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आवळण्याच्या टॉर्कपेक्षा जास्त जोर नको. गाडी एकदा गरम करून पूर्ण थंड झाली की नट पुन्हा तपासा. चालू करण्याआधी पाइपवरचे बोटांचे तेलकट ठसे पुसा, नाहीतर ते कायमचे भाजून बसतात.

पुंगळीतली ठिणगी अडवणारी जाळी काढू नका. फेब्रुवारीपासून पठारांवरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. वणव्याला एक ठिणगी पुरते. जाळी काजळीने भरली की गाडी वरच्या आरपीएमला दमते, तेव्हा काढून तारेच्या ब्रशने घासा आणि परत लावा. आवाज हळूहळू कर्कश होत गेला, तर आतलं ग्लास वूल जळालंय. पावसाळ्यात ओढ्यातून जाणाऱ्या गाड्यांत ते भिजून गोळाही होतं. नवं भरताना कोंबू नका, नळीभोवती एकसारखं गुंडाळा.

नंबरप्लेटच्या गाडीला कायदा लागू आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणासाठी पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बीएस6 गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बेंडमध्ये आहे की पुंगळीत, हे खरेदीआधी विचारा. तो निघाला तर पीयूसीला अडचण येते. ‘फक्त स्पर्धेसाठी’ असं छापलेली पुंगळी साताऱ्यातल्या पोवई नाक्यासारख्या रस्त्यावरून न्यायची नसते.

मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, आज ना उद्या लागतो. तोंडात चिंधी कोंबून ठेवा. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि परत बसवल्यावर गाडी का ओढत नाही ते कळत नाही.