नऊ लाख कोटी ऐकून धस्स होतं? सरकारी कर्जाबद्दल बोलताना या चुका टाळा

मार्चमध्ये महाराष्ट्राचा अर्थसंकल्प आला की सांगलीत विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर एक वाक्य ठरलेलं असतं, "सरकार कर्जात बुडालं." २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरच्या कर्जाचा अंदाज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींचा होता. नुसत्या या आकड्याला धरून बसणं ही पहिली चूक. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी, म्हणजे सरकारच्या नव्हे तर सगळ्या राज्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी, ताडून पाहिलं तर तो जेमतेम १९ टक्के भरतो. उत्पन्न चालू किमतींनी, म्हणजे महागाई धरून, वर्षाला दहा टक्के वाढलं आणि व्याज साडेसात टक्के पडलं, तर जुन्या कर्जाचं ओझं आपसूक हलकं होत जातं. वाढ मंदावली की हेच गणित उलटं फिरतं.

दुसरी चूक माझीही होती. सरकारला मी तासगावच्या द्राक्षबागायतदारासारखं समजायचो. मांडव आणि ठिबकसाठी काढलेलं कर्ज बरं, लग्नाच्या जेवणावळीसाठी काढलेलं वाईट. इथपर्यंत ठीक. पण बागायतदारानं हात आखडला म्हणून बेदाण्याचा भाव पडत नाही. सरकारनं मंदीत खर्च कापला तर ठेकेदाराची बिलं अडतात, मजुराच्या हातात पैसा येत नाही, दुकानातली विक्री घटते आणि शेवटी सरकारचाच कर कमी जमा होतो. म्हणजे तूट कमी करायला गेलेलं सरकार कधीकधी ती वाढवून बसतं.

मग बघायचं काय? महसुली तूट, म्हणजे सरकारचा रोजचा खर्च महसुलापेक्षा जितका जास्त तेवढी रक्कम. राजकोषीय तूट म्हणजे साधारणपणे त्या वर्षी काढावं लागणारं नवं कर्ज. २०२५-२६ साठी ती सुमारे १ लाख ३६ हजार कोटी धरली होती. त्यातली ४५,८९१ कोटींची तूट महसुली, म्हणजे कर्जाचा तिसरा हिस्सा पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं असल्या रोजच्या खर्चाकडे. मला काळजी वाटते ती याची.

"कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते" हे वाक्यही जपून वापरा. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधातून ते गाजलं. २०१३ मध्ये त्यांच्या एक्सेलच्या तक्त्यात काही देश बेरजेतून सुटल्याचं उघड झालं. ही आणि इतर गफलती दुरुस्त केल्यावर अशा कर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर आली. जपानचं कर्ज उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त, पण ते येनमध्ये, म्हणजे स्वतःच्याच चलनात. श्रीलंका २०२२ मध्ये अडकली ती डॉलरच्या देण्यांमुळे.

आता आपल्या दाराशी या. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं १९७६ मध्ये ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं. ३१ मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता, तेव्हा त्याआधी पाणी अडवायची घाई होती. म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि सरकारच्या हमीवर रोखे विकून पैसा उभा केला गेला. कर्जाचा हेतू चांगला होता. पण एकाच वेळी ढीगभर कामं काढली, पैसा सगळीकडे थोडा थोडा पसरला आणि अर्धवट कालव्यांत पाण्याऐवजी बाभळी वाढल्या. व्याज मात्र पहिल्या वर्षापासून सुरू. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीकडे पोचेपर्यंत एक पिढी शाळा संपवून पुण्याला गेली. कर्ज वाढीला मदत करतं ते काम पुरं झाल्यावर, भूमिपूजनाच्या दिवशी नाही. हमीवरचं असलं कर्ज मुख्य आकड्यात दिसतंच असंही नाही, तेव्हा अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत हमीचं पानही उघडा.

आणि महसुली खर्च म्हणजे सगळी उधळपट्टी, असंही समजू नका. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलतं, १९ टक्के शेतकरी. ते ८१ टक्के महसुली खर्चातच मोडतात. बिल थकलं आणि पंप थांबले, की भांडवली, म्हणजे बांधकामाच्या, खर्चातून बांधलेला कालवा जतपर्यंत कोरडाच.