माणसं नोकरी का सोडतात, आणि राजीनामा येण्याआधी काय करावं

राजीनाम्याच्या पत्रात खरं कारण सहसा नसतं. 'वैयक्तिक कारणास्तव', 'चांगली संधी मिळाल्यामुळे' ही दोन वाक्यं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याला शेवटचा हिशोब वेळेवर हवा असतो, अनुभवाचं पत्र हवं असतं. उद्या नव्या ठिकाणाहून चौकशी झाली तर साहेबांनी चार शब्द चांगले बोलावेत, असंही वाटत असतं. जाता जाता वाईटपणा कोण घेईल?

आमच्या टीममधली एक मुलगी अशीच गेली. चार वर्षं मन लावून काम केलेली. एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर तिने 'पगार' या रकान्यात खूण केली आणि आम्ही तो फॉर्म फाइलला लावला. वर्षभराने भेट झाली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पगाराचं नंतर आलं हो. बहिणीच्या लग्नाची रजा मी दोन महिने आधी मंजूर करून घेतली होती. आदल्या आठवड्यात ती रद्द झाली, तीही मोबाइलवर एका ओळीच्या मेसेजने. त्या रात्री मी पहिल्यांदा बायोडेटा उघडला." तो मेसेज मी पाठवला होता. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की वाईट वाटतं.

थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या संशोधकांनी १९९४ साली नोकरी सोडण्यामागची जी मांडणी केली, तिच्यात अशा घटनेला नाव आहे: 'धक्का'. नाराजी हळूहळू साचत जाऊन माणूस जातो हे खरं, पण दर वेळी तसंच होतं असं नाही. अनेकदा एखादी ठळक घटना घडते आणि तिथून तो पहिल्यांदा 'मी इथे का आहे?' असा विचार करू लागतो. घटना ऑफिसातली असेल किंवा घरातली, वाईट असेल किंवा चांगलीसुद्धा. आपल्याला शोधायचा असतो तो हा दिवस. राजीनाम्याची तारीख त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते.

पहिलं काम: आकडा काढा आणि तो फोडा

वर्षभरात किती जण गेले त्याला सरासरी मनुष्यबळाने भागा आणि १०० ने गुणा. वर्षाच्या सुरुवातीला ४१ माणसं, अखेरीला ३९, म्हणजे सरासरी ४०. गेले १०. गळती २५ टक्के.

एवढ्यावर थांबलात तर हाती काहीच लागत नाही. त्या १० जणांची नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे किती महिने काम केलं, कुणाच्या हाताखाली होता आणि शेवटची बढती किंवा कामातला बदल कधी झाला, हे मांडा. समजा ५ जण पहिल्या सहा महिन्यांतच गेले. मग बहुधा घोळ भरतीच्या वेळचा आहे: मुलाखतीत सांगितलं एक आणि हातात काम पडलं दुसरं. अशा वेळी उमेदवाराला कामाची कटकटीची बाजूही आधीच सांगा आणि शक्य असेल तर एक दिवस प्रत्यक्ष काम बघू द्या. ज्याला जमणार नाही तो आधीच नाही म्हणेल आणि दोघांचेही सहा महिने वाचतील. ३ जण एकाच टीम लीडरचे असतील तर कुठे बघायचं ते उघड आहे. आणि जुनी माणसं जात असतील, तर त्यांना इथे पुढची पायरी दिसत नाही का, ते तपासा.

जाणाऱ्याला विचारा, पण प्रश्न बदलून

'का सोडताय?' या प्रश्नाला उत्तर तयारच असतं. त्याऐवजी विचारा, 'सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या सुमारास काय झालं होतं?' हे त्याच्या थेट साहेबांनी विचारू नये, दुसऱ्या कुणीतरी विचारावं. आणि तीन-चार महिन्यांनी, सगळा हिशोब मिटल्यावर, पुन्हा एकदा फोन करावा. तेव्हा माणूस मोकळेपणाने बोलतो.

राहिलेल्यांशी बोला

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, आणि इथेच आपण सगळ्यात कमी घालवतो. जो आज कामावर येतोय त्याला 'तू का टिकून आहेस?' असं कुणी विचारतच नाही.

प्रत्येकाला वर्षातून दोनदा अर्धा तास द्या. ही बैठक अप्रेझलला जोडू नका, नाहीतर समोरचा तोलून-मापून बोलेल. प्रश्न साधे असावेत. गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं? कोणत्या दिवशी नको झालं? कोणतं काम उगाच दोनदा करावं लागतं? काय शिकायचं आहे? मग गप्प बसा. पहिली दोन मिनिटं 'सगळं ठीक आहे' असंच ऐकू येईल. घाई केली नाही तर तिसऱ्या मिनिटाला खुर्ची मोडकी असल्याचं निघतं, नाहीतर आपलं काम मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या नावावर सांगितलं गेल्याचं.

ऐकलेल्यापैकी एक तरी गोष्ट पंधरा दिवसांत करून दाखवा. जे होणार नाही ते का होणार नाही, हे स्पष्ट सांगा. विचारून काहीच केलं नाही, तर न विचारलेलं बरं होतं अशी अवस्था होते.

पगाराबद्दल खरं बोला

१९१३ साली फोर्डच्या मोटार कारखान्यात वार्षिक गळती ३७० टक्के होती. असेम्ब्ली लाइनवरचं तेच ते काम माणसांना नकोसं झालं होतं. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी पात्र कामगारांची रोजची कमाई जवळपास दुप्पट, म्हणजे ५ डॉलर केली, कामाचे तास ९ वरून ८ वर आणले, आणि गळती झपाट्याने उतरली. म्हणून पगाराने फरक पडत नाही असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. पण पगाराचं काम कुठवर चालतं, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये नेमकं मांडलं: पगार, नियम, साहेबांची वागणूक यांत खोट असेल तर माणूस नाराज होतो. ती खोट काढली की नाराजी जाते, पण समाधान येतं ते मुख्यतः कामातून, कौतुकातून आणि जबाबदारीतून.

करायचं एवढंच की जुन्यांची आणि नव्याने जॉइन झालेल्यांची पगाराची यादी शेजारी ठेवा. तेच काम करणारा नवा माणूस जुन्यापेक्षा जास्त घेत असेल, तर ते कधी ना कधी कळतंच. त्याच्या आत दुरुस्त करा. राजीनामा आल्यावर काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी पगार वाढवून देण्याच्या मात्र मी विरोधात आहे. इतके दिवस पैसे होते पण दिले नाहीत, असाच अर्थ त्यातून निघतो.

टीम लीडरला शिकवा

उत्तम काम करणाऱ्याला लीडर करतो आणि माणसं कशी सांभाळायची ते शिकवायचं राहून जातं. निदान तीन सवयी लावा: प्रत्येकाशी आठवड्यातून पंधरा मिनिटं बोलणं, शिफ्टचा तक्ता दोन आठवडे आधी लावणं, आणि कामाचं श्रेय ज्याचं त्याच्या नावाने वर कळवणं.

निरोप नीट द्या

नोटीस पिरियडमध्ये असलेल्याशी आपण कसं वागतो, हे मागे राहणारे रोज बघत असतात. हिशोब आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशी तयार ठेवा. काही जण परत येतात, तेव्हा हाच दिवस त्यांना आठवलेला असतो.

ती मुलगी भेटली त्याच आठवड्यात आम्ही एक नियम केला: मंजूर झालेली रजा रद्द करायची असेल, तर आधी दुसरा माणूस शोधायचा. कुणीच मिळाला नाही, तरच समोर बसून विचारायचं, आणि समोरचा नाही म्हणाला तर रजा कायम.