विडीकामगाराच्या लेकीला कर्करोग संशोधनात पाठवताना

मी सोलापुरात जीवशास्त्र शिकवते. पूर्व भागातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा अर्ज आम्ही तिच्या घरी बसून भरला. शेजारी आईच्या मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता नि तंबाखू. अशा मुलींना पाठबळ द्यायचं असेल तर सुरुवात कागदांपासून करा. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले एमएस्सीला असतानाच काढून ठेवा; जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत हमखास हुकते.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या प्रवर्गानुसार फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्था आहेत. आपल्या प्रवर्गाची संस्था कोणती ते आधी बघा.

पण खरी अडचण पुढेच येते. माझ्या विद्यार्थिनीची पहिली रक्कम सात महिने अडकली होती. नवी मुंबईत खारघरला, संशोधन संस्थेजवळ खोलीची अनामत, मेस, सगळं उसनवारीवर. तेव्हापासून आम्ही काही शिक्षक मिळून सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवतो. बिनव्याजी, फेलोशिप आली की परत, घाई नाही. मुलाखतीचं सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट मात्र आमच्याकडून.

आणि तिला एकदा बार्शीला न्याच. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे खेड्यांतल्या कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद, तिथे १९८७ मध्ये सुरू झाली. आपल्याच जिल्ह्यात हे काम चालतं हे कळल्यावर माझ्या विद्यार्थिनीने दोन तास प्रश्न विचारले.

घरच्यांशीही बोला. "लग्न कधी?" हा प्रश्न पाच वर्षं थोपवायला आईच आपल्या बाजूने हवी.