फुलोऱ्यातली मणीगळ: औषधाची बाटली उघडण्याआधी घडाखाली हात धरा

द्राक्षाच्या फळछाटणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले, बाग ऐन फुलोऱ्यात आली आणि नेमके आभाळ भरून आले, की नाशिक-सांगलीकडचा बागाईतदार आधी दुकान गाठतो. तसे करू नका.

सकाळी दव सुकले की घडाखाली तळहात धरा आणि घडाला हलकी टिचकी मारा. हातावर नुसत्या फुलांच्या वाळक्या टोप्या पडल्या तर काळजी नको. फुले उमलताना त्या पडणारच. थोडे दोडेही (नुकते धरलेले कोवळे मणी) गळतात. वेल सगळी फुले धरत नाही, आणि धरली तर पुढे विरळणीला मजूर आपल्यालाच लावावे लागतात. पण हिरवे दोडे देठासकट ओंजळभर पडू लागले, तर ती गळ. देठ तपकिरी, पाणचट झाले असतील किंवा त्यावर पांढरी बुरशी असेल, तर ती डाऊनी या बुरशीरोगाची कूज. तिथे शिफारशीतले बुरशीनाशकच हवे आणि तेही लगेच. संजीवकाने (वेलीच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या औषधाने) कूज थांबत नाही.

गळीचे मूळ बहुतेक वेळा शेंड्यात असते. ढगाळ हवेत पाने अन्न कमी बनवतात आणि जे बनते ते जोमदार शेंडा ओढून घेतो. म्हणून घडाच्या पुढे आठ-दहा पाने ठेवून फुलोऱ्याआधीच शेंडा मारा, बगलफुटी (पानांच्या बेचक्यातले फुटवे) काढा. आत ऊन-वारा शिरला पाहिजे. या दिवसांत युरिया बंद.

पाण्याचे गणित मात्र रोज बघावे लागते. बोदातली, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या उंचवट्यातली माती मुठीत दाबा. लाडू वळला पण बोटांना पाणी सुटले नाही, तर वाफसा (मातीतली योग्य ओल) ठीक. पाऊस झाला तर ड्रिप बंद ठेवा, सरीत साचलेले पाणी काढून द्या आणि घडांवरचे थेंब झटकायला ब्लोअर नुसत्या हवेवर फिरवा. पाणी एकदम तोडूही नका, ताण बसला तरी दोडे गळतात.

बोरॉन कमी पडले तरी मणी धरत नाहीत. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ परीक्षणाला द्या. कमतरता असेल तर पुढच्या हंगामात फुलोऱ्याआधी बोरिक ॲसिड लिटरला अर्धा ग्रॅम फवारा. अंदाजाने वाढवाल तर पानांच्या कडा करपतील.

विरळणीसाठी फुलोऱ्यात जीए (जिब्रेलिक ॲसिड हे संजीवक) देता ना? गळ सुरू असताना तो हात आवरा, कारण तो डोसच मुळी फुले गाळण्यासाठी असतो. वाढ रोखायला कोणी क्लोरमेक्वाट हे वाढरोधक सुचवले, तर 2010 आठवा. त्याच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली होती. निर्यातीचा माल असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघूनच फवारणी ठरवा.

चार-पाच वेलींना खुणेची फीत बांधा आणि त्याच घडांना रोज टिचकी मारून बघा. गळ ओसरून मणी दोन-तीन मिलिमीटरचा झाला, की पाणी हळूहळू वाढवायला हरकत नाही.