जुनं ट्रेकचं पुस्तक घेऊन राजगड-तोरणा-रायगड कसा प्लॅन करायचा

कुणाच्या ना कुणाच्या घरात माळ्यावर एक जुनं ट्रेकचं पुस्तक असतंच. पानं पिवळी, मागे एसटीचं टाइमटेबल, हाताने काढलेले नकाशे ज्यात डोंगर म्हणजे नुसते त्रिकोण. माझ्याकडचं काकाकडून आलंय, नव्वदच्या दशकातलं, चहाचा डाग नेमका लिंगाण्यावर (रायगडाजवळचा सुळक्यासारखा किल्ला) पडलेला. लोक म्हणतात आता याचा काय उपयोग, जीपीएक्स ट्रॅक (कुणीतरी चाललेल्या वाटेची मोबाइलवर बघायची जीपीएस नोंद) डाउनलोड करा आणि निघा. उपयोग आहे हो, फक्त वाचायचं कसं ते कळलं पाहिजे. माझा अनुभव असा की अशा पुस्तकात डोंगराबद्दल लिहिलेलं बहुतेक अजून बरोबर असतं आणि माणसांबद्दल लिहिलेलं बहुतेक चुकीचं झालेलं असतं, म्हणजे गाव, गाडी, शाळा, विहीर, चहाची टपरी वगैरे. ही दोन प्रकारची वाक्यं वेगळी काढायची, बस, सगळं प्लॅनिंग त्याभोवतीच फिरतं.

उदाहरणाला राजगड-तोरणा-रायगड घेतो कारण जुन्या पुस्तकांत हा हमखास असतो, ४-५ दिवसांचा आहे, आणि घाटमाथ्यावरून कोकणात उतरतो त्यामुळे सगळ्या प्रकारच्या अडचणी एकाच ट्रेकमध्ये मिळतात.

आधी पेन्सिल घेऊन बसा

पहिल्यांदा नुसतं वाचू नका. प्रत्येक वाक्यावर खूण करा. "संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून धारेवर या" (माची म्हणजे किल्ल्याची सपाट सोंड, ही राजगडाची; धार म्हणजे डोंगराचा अरुंद कणा) हे डोंगराचं वाक्य, ते तिथंच आहे, कुठं जातंय. "धार उतरलं की खिंड, मग पुढे चढ, मग बुधला माची" (ही तोरण्याची) हेही डोंगराचं. पण "वाडीत पाटलांकडे जेवणाची सोय होते" हे माणसांचं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. "रात्रीची मुक्कामी गाडी" प्रश्नचिन्ह. "शाळेच्या व्हरांड्यात झोपता येतं" मोठं प्रश्नचिन्ह. आणि काही वाक्यं दोन्हीच्या मधली असतात, उदा. "मळलेली वाट", "टाक्यात बारमाही पाणी" (टाकं म्हणजे खडकात खोदलेला पाण्याचा हौद), यांच्यापुढे दोन प्रश्नचिन्हं, कारण घोळ इथंच होतात.

माझा स्वतःचा घोळ सांगतो. पुस्तकात लिहिलं होतं गावातल्या शाळेच्या मागून वाट वर जाते. आम्ही गेलो, शाळा दिसली, पक्की, रंगवलेली, मागून वाट पण दिसली, चढलो. तास-दीड तासाने ती वाट एका शेतातल्या गोठ्यापाशी संपली. खाली येऊन एका आजीला विचारलं तर म्हणाली, अरे बाळा ही नवी शाळा, जुनी पलीकडच्या आळीत होती, पडली ती. पुस्तक अगदी बरोबर होतं, शाळाच बदलली होती!

मग तक्ता बनवा

पुस्तकातला परिच्छेद वाटेत वाचून कळत नाही, पाठीवर सॅक आणि डोळ्यात घाम असताना तर नाहीच. म्हणून वहीत एक तक्ता करा: कुठून, कुठे, वाटेचा प्रकार (धार, खिंड, नाळ म्हणजे कड्यातली उभी घळ, आडवी वाट, पठार), पुस्तकाने दिलेला वेळ, पाणी, आणि शेवटचा रकाना "आज खरं काय" जो आत्ता रिकामा सोडायचा.

आमचा तक्ता साधारण असा होता: गुंजवणे ते राजगड, मुक्काम. राजगड ते तोरणा धारेवरून, मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तोरण्यावरून बुधला माचीकडून पश्चिमेला उतरून हारपुड, पुढे मोहरी. मोहरीवरून सिंगापूर, सिंगापूर नाळेने खाली दापोली, तिथून रायगडवाडी आणि रायगड. (हे सिंगापूर म्हणजे डोंगरातली वस्ती आहे आणि ही दापोली म्हणजे रत्नागिरीची नव्हे, महाड तालुक्यातलं छोटं गाव. मोबाइलवर नुसतं नाव टाकून शोधलंत तर एक विमानाचं तिकीट दाखवतं आणि दुसरं बीचवर नेतं.)

नावांचं असंच होतं सगळीकडे. आता वेल्हे तालुक्याचं नावही राजगड तालुका झालंय, तोरण्याच्या पायथ्याचं गाव मात्र वेल्हे, त्यामुळे नव्या-जुन्या माहितीत "राजगड" म्हणजे किल्ला की तालुका हे बघून घ्या. पुस्तक उलट दिशेने लिहिलंय का तेही बघा, काही पुस्तकांत हा ट्रेक रायगडाकडून असतो, मग "डाव्या हाताला वळा"चं सगळं उलटं करावं लागतं आणि हे घरी बसून करायचं, खिंडीत उभं राहून नाही.

लेखकाचा वेग शोधा

जुन्या लेखकांना काय खायला घालत होते कोण जाणे, पण त्यांचे वेळ बघून घाम फुटतो. "अर्ध्या तासात माथ्यावर." कुणाच्या अर्ध्या तासात? यावर साधी युक्ती आहे. त्याच पुस्तकात असा एखादा चढ शोधा जो तुम्ही केलेला आहे, समजा सिंहगड आतकरवाडीतून किंवा गुंजवणे ते राजगड. पुस्तक २ तास म्हणतंय आणि तुम्हाला ३ लागले, म्हणजे तुमचा आकडा दीड. आता पुस्तकातले सगळे वेळ दीडने गुणा. लेखक तोच असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. पुस्तक चार-पाच जणांनी मिळून लिहिलेलं असेल तर प्रत्येक भागाचा आकडा वेगळा निघू शकतो, तेव्हा जास्तीचा धरा.

पडताळा म्हणून नेस्मिथचा नियम लावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला, आजच्या मापात सांगायचं तर दर ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर साधारण २ तास ३६ मिनिटं. हे चांगल्या वाटेवर, धडधाकट माणसाचं, विश्रांती न धरता, आणि सह्याद्रीतल्या मार्च महिन्यातल्या उन्हात तर नाहीच, म्हणून यातही भर घाला. उताराला कमी वेळ धरू नका, नाळेत घसाऱ्यावरून (सुटे दगड-माती) उतरताना चढापेक्षा जास्त लागतो बऱ्याचदा.

फूट आणि मैल असतील तर आधी बदलून घ्या, १००० फूट म्हणजे ३०५ मीटर, १ मैल म्हणजे १.६ किलोमीटर.

नकाशावर बसवा

हाताने काढलेल्या नकाशात अंतरं खरी नसतात आणि उत्तर दिशा वरच असेल याचीही खात्री नसते. त्याचा उपयोग फक्त क्रमासाठी, म्हणजे आधी खिंड मग टेपाड मग पदर (डोंगराच्या मधल्या उंचीवरचा सपाट पट्टा). प्रत्यक्ष अंतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर (उंचीच्या रेषा असलेला सरकारी नकाशा) मोजा, ओपन सिरीजची शीट्स आता ऑनलाइन मिळतात. या स्केलला नकाशावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. काकाच्या काळातली शीट मिळाली तर ती एक इंचाला एक मैल अशी असू शकते, तिथे हा हिशोब लावू नका.

मग सॅटेलाइट फोटो. यात जुने फोटो बघायची सोय असते ती वापरा, आणि फेब्रुवारी-मार्चचा फोटो शोधा, कारण गवत सुकलेलं असतं आणि पायवाटा पांढऱ्या रेघेसारख्या दिसतात. पावसाळ्यानंतरच्या फोटोत सगळंच हिरवं, काही कळत नाही. पुस्तक म्हणतंय वाट धारेच्या उजव्या अंगाने जाते आणि फोटोत रेघ तिथंच आहे, मग तक्त्यात टिक करा. रेघ नसेल तर लगेच घाबरू नका, झाडीखाली लपलेली असू शकते, पण प्रश्न लिहून ठेवा.

जीपीएक्स ट्रॅक पण घ्या, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त लक्षात असू द्या की ट्रॅकमध्ये चुकलेला माणूस पण रेकॉर्ड होतो. एका ट्रॅकमध्ये तीन गोल फेऱ्या होत्या, मी पुस्तक उघडलं तर तिथं लिहिलेलं, "येथे दोन वाटा फुटतात, वरची ढोरवाट आहे." झालं, कळलं तो का फिरत होता.

ढोरवाटांचं काय झालंय

या गोष्टीवर जरा थांबतो कारण नवीन लोकांना इथेच कळत नाही. पूर्वी घाटावरून कोकणात लोक चालत जायचे-यायचे, बाजाराला, लग्नाला, धान्य घेऊन. सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ या काही ट्रेकर लोकांनी शोधलेल्या वाटा नाहीत, गावकऱ्यांच्या रोजच्या होत्या. आता मोहरीपर्यंत गाडी जाते, मग म्हातारा माणूस नाळेने कशाला उतरेल? वर गुरंही कमी झाली. गुरं होती तोवर वाट मोकळी राहायची, चरून आणि तुडवून. आता कारवी आणि गवत वाट खाऊन टाकतं. म्हणून पुस्तकातलं "ठळक मळलेली वाट" हे आज काही ठिकाणी दोन पावसाळ्यांत गायब झालेलं असतं.

आणि बरोबर उलट पण होतं. राजगड ते तोरणा ही धार पूर्वी पुस्तकात "वाट शोधावी लागते" प्रकारची असायची, आता शनिवार-रविवारी एवढे लोक असतात की वाटा दहा झाल्यात, प्रत्येकाने शॉर्टकट मारून. मग माझा ठोकताळा असा: किल्ल्याजवळची वाट पुस्तकापेक्षा सोपी धरा, दोन किल्ल्यांच्या मधली वाट पुस्तकापेक्षा अवघड धरा. तोरणा ते मोहरी हा टप्पा आणि नाळ उतरणं, या दोन्हीला गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या, त्याला ठरवून व्यवस्थित पैसे द्या, "गावकरी प्रेमाने सोबत येतात" हे पुस्तकातलं वाक्य त्या काळाचं होतं.

नाळेचं अजून एक. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूर भागात मोठ्या दरडी कोसळल्या, तळिये गाव त्यातच गेलं. मोठ्या पावसाने उतारावरचे दगड सरकतात, नाळेत नवे धोंडे येऊन बसतात, त्यामुळे पुस्तकात "सोपी उतरंड" असलं तरी त्या पावसाळ्यानंतर तिथून कोण उतरलंय हे विचारल्याशिवाय जाऊ नका. बोराट्याच्या नाळेत तर लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कड्याच्या बाजूने आडवी वाट आहे, उंचीची भीती असणाऱ्याला तिथं नेऊ नका. आम्ही सिंगापूर नाळ घेतली, काकाच्या पुस्तकातही तीच जास्त बरी म्हटलीय.

पाणी

पुस्तकात पाण्याचा उल्लेख आला की लेखक कोणत्या महिन्यात गेला होता ते शोधा. बऱ्याचदा प्रस्तावनेत किंवा फोटोतल्या गवताच्या रंगावरून कळतं. डिसेंबरमध्ये भरलेलं टाकं एप्रिलमध्ये चिखल असू शकतं. राजगडावर पद्मावती माचीवर तलाव आणि टाकी आहेत, तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाच्या आसपास टाकी आहेत, पण पिण्याजोगं कोणतं हे त्या त्या वर्षी विचारायचं. धारेवर पाणी नाही असंच धरून चाला, प्रत्येकी ३-४ लिटर. आणि पुस्तक म्हणतंय म्हणून ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका, उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या.

फोन करा, पण कुणाला?

पुस्तकातले लँडलाइन नंबर सोडून द्या. मोहरी, हारपुडकडचा एखादा नंबर मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे नुकतंच जाऊन आलेल्या ग्रुपला विचारणे. फोनवर "वाट आहे का" असं विचारू नका, उत्तर "आहे की" असंच येतं, कधीही नाही म्हणत नाहीत बिचारे. असं विचारा: दादा, या महिन्यात तिकडनं कोण गेलं का? गुरं कुठवर नेता? टाक्याला पाणी आहे का का टँकर येतो? उत्तरं शेवटच्या रकान्यात लिहा, तारीख टाकून.

मुक्कामाचंही विचारा. जुन्या पुस्तकात पद्मावती देवीच्या देवळात झोपा, मेंगाई देवळात झोपा असं बिनधास्त लिहिलेलं असतं. जुलै २०२५ मध्ये राजगड आणि रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, गर्दी आणि नियम दोन्ही वाढतात, तेव्हा गडावर रात्री थांबता येतं का, चूल पेटवता येते का हे निघायच्या आठवड्यात विचारून घ्या. नाही म्हटलं तर मुक्काम पायथ्याच्या गावात आणि मग तक्त्यातले तास परत मांडा.

मधून सुटायची जागा ठरवा

पुस्तक लिहिणारा कधी मधून सोडून आलेला नसतो, निदान लिहीत तरी नाही. तुम्ही मात्र प्रत्येक दिवसाला एक सुटायची वाट लिहा. राजगड-तोरणा धारेत ती खिंडीतला रस्ता, तोरण्यावरून वेल्हे, पुढे मोहरीहून गाडी. नाळेत शिरलात की मात्र खालीच जावं लागतं, म्हणून नाळेच्या तोंडाशी दुपारी १२ च्या आत पोचलो नाही तर मोहरीतच थांबायचं, असं आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं, वाद नको. घरी एका माणसाकडे तक्त्याचा फोटो, आणि ११२ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. रेंज धारेवर मिळते, नाळेत नाही.

राहिला परतीचा प्रवास. रायगड पायऱ्यांनी उतरा किंवा रोपवेने, जुन्या पुस्तकात रोपवे नसेल तर ते १९९६ च्या आधीचं आहे हेही कळून जातं. खाली पाचाडहून महाड. पुढे पुस्तक म्हणेल वरंध घाटातून भोरमार्गे पुणे, पण तो घाट पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या काळात बंद असतो, महाड स्टँडवर आधीच फोन करून विचारा, नाहीतर माणगाव-ताम्हिणीकडून या. आम्ही विचारलं नव्हतं, रात्री साडेनऊला स्टँडवर मिसळ खात बसलो होतो.