शेतात घोड्याचं पदक सापडलं? आधी या चुका टाळा

नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर किणकिणतो, ढेकूळ फुटतं आणि आतून हिरवट, अंगठ्याएवढी ढाल निघते. पुढच्या क्षणी काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीही तेच केलं होतं. थुंकी लावली, अंगठ्याने घासलं. उभा सिंह दिसला, कुठेतरी लाल ठिपका चमकला आणि पुढच्या घासण्यात तो ठिपका मातीबरोबर निघूनही गेला.

इंग्लंडच्या शेतांत मिळणारी तेराव्या-चौदाव्या शतकातली ही पदकं म्हणजे घोड्याच्या साजाचे लोलक. छातीवरच्या पट्ट्याला, लगामाच्या पट्ट्यांना, शेपटीखालून जाणाऱ्या दुमचीला ती टांगत. तांब्याच्या मिश्रधातूची ओतीव, बहुतेक ३ ते ५ सेंटिमीटरची. वर कडी, अंगावर बऱ्याचदा सोन्याचा मुलामा आणि खोलगट जागांत मीना. आपल्या मीनाकारीसारखंच काम: धातूत खळगा, त्यात रंगीत काचेची पूड, मग भट्टी. सातशे वर्षं ओल्या मातीत आणि खतात काढल्यावर त्या काचेची धातूवरची पकड सुटलेली असते. तिला जागेवर धरून ठेवते ती बऱ्याचदा मातीच.

त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक घासण्याची. टूथब्रश नको, व्हिनेगर नको, लिंबू नको. तांब्याच्या कळशीला चिंच लावायची सवय असलेला हात इथे आवरावा लागतो. वाकलेलं पदक सरळ करायलाही जाऊ नका, जुना धातू कडकन मोडतो. सुटी माती मऊ कुंचल्याने झटका, तीही मीना नाही तिथलीच, आणि थांबा.

रंग गेला तर एवढं काय बिघडतं? पदकावरची ढाल म्हणजे बहुतेकदा एखाद्या सरदार घराण्याची खूण. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंहच घ्या. सोनेरी ढालीवर निळा असेल तर पर्सी घराणं. लाल ढालीवर रुपेरी असेल तर मोब्रे. लाल ढालीवर सोनेरी असेल तर अरुंडेलचे फिट्झॲलन. सिंह तोच, पंजे तेच, घराणं ठरतं ते रंगावरून. घासून लख्ख केलेलं पदक तिघांचंही असू शकतं, म्हणजे कुणाचंच नाही.

ओळखण्याची घाई ही त्याच्याच मागोमाग येणारी चूक. एकाखाली एक चालणारे तीन सिंह दिसले की लोक ‘राजाच्या घोड्याचं पदक!’ म्हणून मोकळे होतात. सिंह इंग्लंडच्या राजचिन्हातले असतीलही, पण वरच्या कडेला बारीक दातेरी निळी पट्टी आहे का ते पाहिलंत? असेल तर राजघराण्यातलेच उमराव, लँकेस्टरचे अर्ल, आठवावे लागतात, आणि ती पट्टी काही मिलिमीटरचीच असते. पट्टी नसली तरी काळाचा अंदाज बांधता येतो. १३४० मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत आपल्या राजचिन्हाच्या ढालीचे चार भाग केले आणि दोन भागांत फ्रान्सची लिलीची फुलं घातली. म्हणून नुसते तीन सिंह बहुधा त्याआधीचे. तरीही घोडा राजाचाच होता असं नाही. धन्याचं चिन्ह चाकरांच्या घोड्यांवरही मिरवे. काही ढाली तर कुठल्याच घराण्याच्या नाहीत, नुसती शोभा. खोगीरभरती म्हणा हवं तर.

तळहाताएवढं पिवळंजर्द पितळी पदक मिळालं तर ते मध्ययुगीन नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या गाडीच्या घोड्याचं असण्याची शक्यता जास्त.

फोटो फक्त पुढूनच काढणारेही पुष्कळ. मागची बाजू हवी, कडी हवी, शेजारी मोजपट्टी हवी. झिजलेली कडी सांगते की पदक खरोखर टांगून हलत होतं. मागे रिव्हेट असेल तर तो लोलक नसून चामड्यावर ठोकलेला तुकडा असू शकतो.

जागेची नोंद ‘ओढ्याजवळच्या शेतात’ एवढीच करू नका. ब्रिटिश ग्रिडचे, म्हणजे तिथल्या नकाशावर जागा सांगणाऱ्या चौकटींचे, सहा आकडे शंभर मीटरचा चौकोन देतात, आठ आकडे दहा मीटरचा. फोनवर जागच्या जागी टिपून घ्या, घरी गेल्यावर आठवत नाही. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या, १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे जिल्ह्या-जिल्ह्यांतले अधिकारी ही नोंद करतात.

कायद्याचं थोडक्यात. जमीनमालकाची परवानगी आधी. संरक्षित स्मारकावर डिटेक्टर न्यायचाच नाही. मुलामा दिलेलं एकटं तांब्याचं पदक सहसा कायद्याने ‘ट्रेझर’ (सरकारला कळवावाच लागणारा ठेवा) ठरत नाही, पण चांदीचं निघालं तर १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे, तिथे सगळंच कळवावं लागतं. आणि सुट्टीत पुण्याला जाताना बॅगेत टाकून दाखवायला नेऊ नका: ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली पन्नास वर्षांपेक्षा जुनी वस्तू बाहेर न्यायला, किंमत कितीही असो, निर्यात परवाना लागतो. भारतात गडावर डिटेक्टर फिरवायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच सोडा.

ठेवायचं कोरड्या, घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो तांब्याचा रोग. डबा घेऊन थेट संवर्धकाकडे जा.

माझ्या त्या पहिल्या ढालीची नोंद करताना अधिकारी बाईंनी एकच विचारलं, लाल नेमका कुठे होता, सिंहावर की मागच्या ढालीवर? मला सांगता आलं नाही.